नवव्या गल्लीतील नववे घर

"देवनागरी जड असते," असे आम्ही एकदा एका विद्यार्थिनीला सांगितले होते. २०१४ सालची ही गोष्ट. त्या वाक्यात आमचा आवाज चढलेला नव्हता, त्यात कसला आवेशही नव्हता. पाऊस पडला की रस्ता तुंबतो, हे ज्या सहजतेने सांगावे त्याच सहजतेने आम्ही ते सांगितले. अशा सहज वाक्यांची जबाबदारी कोणी घेत नाही. आम्हीही चार वर्षे घेतली नाही.

ती आपल्या आजीच्या बोलीतील शेतीचे शब्द गोळा करीत होती. मोट, नाडा, सोंदूर, तिफण, पाभर, चाडे, कुळव, शिवळ असे ते शब्द. यांपैकी अर्ध्याअधिक वस्तू आता शेतातून गेल्या आहेत आणि शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी शिल्लक आहेत. आजी बोलत असे, ही ऐकून टंकित करीत असे. शब्द, मग टॅब, मग अर्थ, अशी साधी यादी. आम्ही त्या वेळी जुने, प्रताधिकारमुक्त मराठी ग्रंथ संगणकावर उतरवून त्यांचा शब्दसंग्रह करण्याच्या खटाटोपात होतो. तिची यादी आणि आमचे ग्रंथ एकत्र शोधता यावेत, असा बेत ठरला. ग्रंथ यादीत मिसळण्यापूर्वी त्यांत कुठे चुकून टॅब राहून गेला नाही ना, हे पाहणे आवश्यक होते, कारण टॅब ही आमची शब्द आणि अर्थ यांमधली भिंत होती. तेवढी तपासणी करणारा चार ओळींचा प्रोग्रॅम आम्ही पायथन या संगणकभाषेत लिहिला.

ताडून पाहण्यासाठी काही इंग्रजी ग्रंथही आम्ही त्यातून काढले. इंग्रजी ग्रंथ डोळ्याचे पाते लवण्याआधी तपासून होत. मराठी ग्रंथापाशी मात्र यंत्र किंचित थबके. फार नाही, परंतु शंभर ग्रंथ ओळीने लावले की ते थबकणे डोळ्यांना जाणवे. शेजारी बसलेल्या तिने विचारले, "सर, मराठीलाच का वेळ लागतो?" त्यावर आम्ही उपरोक्त वाक्य उच्चारले. पुढे थोडी विद्वत्ताही जोडली. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते आणि देवनागरी अक्षराला, आपण फाइलमध्ये साठवतो त्या पद्धतीत, तीन बाइट लागतात, असे सांगितले. यात खोटे काहीच नव्हते. पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते.

तिने मान डोलावली. "मग मी यादी रोमनमध्येच ठेवते, म्हणजे पुढे वाढली तरी पळेल," असे ती म्हणाली. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

असो. मूळ विषयाकडे वळू.

एखाद्या मजकुरात एखादे अक्षर शोधणे, यापेक्षा प्राथमिक काम संगणकाला सांगता येणार नाही. म्हणूनच हे काम कोणी स्वतः लिहीत बसत नाही. ते भाषेबरोबर येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत तयार असते. आपण नळ सोडतो तेव्हा धरणाचा विचार करीत नाही, तसेच हे आहे. प्रत्यक्षात या साध्या कामामागे मोठी विद्या आहे. शब्द शोधण्याच्या दोन प्रसिद्ध रीती १९७७ साली प्रसिद्ध झाल्या. एक नूथ, मॉरिस आणि प्रॅट यांची, दुसरी बॉयर आणि मूर यांची. मजकुरातील प्रत्येक अक्षर न पाहताही शब्द सापडू शकतो, हे चमत्कारिक वाटणारे सत्य बॉयर-मूर यांच्या रीतीने दाखवून दिले. पायथनमध्ये २००६ साली फ्रेड्रिक लुंड यांनी अशाच विचारांवर आधारलेली जलद शोधाची रचना आणली आणि ती पुढे दीर्घकाळ टिकली. मात्र या सर्व रीती अनेक अक्षरांच्या शब्दासाठी आहेत. एकच अक्षर शोधायचे असेल तर त्याहून सोपी वाट असते, आणि आमची गोष्ट त्या सोप्या वाटेवर घडली.

सप्टेंबर २०१२ मध्ये पायथनची ३.३ ही आवृत्ती आली. तिच्यात मजकूर स्मृतीत ठेवण्याची पद्धत बदलली. मार्टिन फॉन लोविस यांच्या प्रस्तावानुसार प्रत्येक मजकूर आपल्यातील सर्वांत 'रुंद' अक्षराला लागेल तेवढीच जागा घेऊ लागला. साध्या इंग्रजी मजकुराला अक्षरागणिक एक बाइट, देवनागरीला दोन, आणि काही दुर्मिळ लिप्यांना व चित्रचिन्हांना चार. बदल उत्तम होता. जागा वाचली, आणि पूर्वी निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळे वागणारे मजकूर सर्वत्र सारखे वागू लागले. या नव्या मांडणीत एकेक अक्षर शोधण्यासाठी एक युक्ती योजलेली होती. एक बाइट शोधण्याचे एक अतिशय चपळ फंक्शन सी भाषेच्या लायब्ररीत पूर्वीपासून आहे. यंत्राच्या सगळ्या खुब्या वापरून ते धावते. अक्षर दोन बाइटांचे असले तरी त्यातला कनिष्ठ बाइट तेवढा या धावपटूच्या हाती द्यावा, तो जिथे थांबेल तिथे पूर्ण अक्षर जुळते का ते पाहावे, आणि न जुळल्यास त्याला पुन्हा पुढे सोडावे, अशी ती युक्ती.

एक पोस्टमन कल्पावा. प्रत्येक दारावर दोन पाट्या आहेत, एक घरक्रमांकाची आणि एक गल्लीक्रमांकाची. पोस्टमन पळण्यात निष्णात आहे, पण त्याला एका वेळी एकच आकडा लक्षात राहतो, आणि कोणती पाटी घराची व कोणती गल्लीची हे त्याला कळत नाही. नवव्या गल्लीतले चोविसावे घर शोधायचे असेल तर आपण त्याला 'चोवीस' एवढेच सांगतो. तो सुसाट निघतो, आणि चोवीस दिसताच थांबतो. आता त्याला नवव्या गल्लीतले नववे घर शोधायला सांगून पाहा. पहिल्याच दारावर गल्लीच्या पाटीवर नऊ आहे, तो थांबतो. आपण म्हणतो, हे नव्हे, पुढे चल. दुसऱ्या दारावरही गल्लीची पाटी नऊ. तिसऱ्यावरही. त्याची सगळी चपळाई प्रत्येक उंबरठ्यावर थबकण्यात खर्च होते. साधा चालत जाणारा माणूस या गल्लीत त्याच्या आधी पोहोचेल.

युनिकोडमध्ये देवनागरीचे कोष्टक ज्या पानावर आहे त्याचा वरिष्ठ बाइट ०९ आहे. 'क' म्हणजे ०९१५, 'त' म्हणजे ०९२४, 'र' म्हणजे ०९३०. आणि ०९०९ म्हणजे 'उ'. आमच्या गल्लीतले नववे घर 'उ'चे आहे.

हे आम्हांला आपले आपण सुचले नाही. जून २०१८ मध्ये पायथन ३.७ आली, तेव्हा तिच्याबरोबरच्या माहितीत एक लहानशी नोंद होती. काही 'अभागी' अक्षरांचा शोध इतर अक्षरांच्या तुलनेत २५ पटींपर्यंत मंद होता, तो आता वाईटात वाईट स्थितीत ३ पट मंद राहील, अशा आशयाची ती नोंद. दुरुस्ती सेर्ही स्तोरचाका यांची होती. उदाहरण म्हणून दिलेले अक्षर युक्रेनियन होते, 'ये' असा उच्चार असलेले. यूरोच्या चिन्हाला एकच आडवी रेघ द्यावी तसे ते दिसते, आणि युक्रेनियन भाषेत 'युरोप' या शब्दाचा आरंभ त्याच अक्षराने होतो. त्याचा क्रमांक ०४०४. सिरिलिक लिपीची गल्ली चौथी, आणि घरही चौथे. नोंद वाचून आम्ही हसलो. मग आपली गल्ली कितवी हा प्रश्न मनात आला, आणि हसू मावळले.

'उ'पेक्षा गंभीर गोष्ट पुढे होती. टॅब या अदृश्य खुणेचा क्रमांक ०००९ आहे. म्हणजे तिचा कनिष्ठ बाइटही नऊच. मराठी मजकुरात टॅब शोधायला निघालेला पोस्टमन प्रत्येक मराठी अक्षरापाशी थांबणार. आमच्या ग्रंथांत टॅब नव्हतेच, तेव्हा तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही दार न चुकवता, थांबत गेला असणार. इंग्रजी ग्रंथात त्याला अडवणारी एकही पाटी नव्हती.

जुन्या यंत्रावर पायथनची जुनी आवृत्ती अजून होती. आम्ही एका मोठ्या मराठी ग्रंथात आधी 'ऌ' शोधला आणि मग टॅब. दोन्हीही त्यात नव्हते, दोन्ही वेळा उत्तर 'नाही' असेच यायचे होते. 'ऌ'चे उत्तर तत्क्षणी आले. टॅबचे उत्तर थबकून आले. ग्रंथ तोच, अक्षरे तेवढीच, बाइटही तेवढेच. देवनागरी जड असती तर दोन्ही वेळा सारखीच जड असायला हवी होती.

हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. दोष फक्त एकच अक्षर शोधताना प्रकट होई. 'उंबरठा' हा पूर्ण शब्द शोधला तर रीत निराळी असल्याने त्याला बाधा नव्हती. 'गुरु'मधील उकाराचा क्रमांक निराळा, त्यालाही नव्हती. शोधलेले अक्षर मजकुरात वरचेवर येत असेल तर फरक फारसा जाणवतही नसे. तो सर्वांत जास्त होई ते अक्षर तिथे नसताना. मानवी मोजमापाने आमचे यातून किती नुकसान झाले, तर काही मिनिटांचे. कोणाचे पीक बुडाले नाही.

तरीही ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण त्या फंक्शनच्या आतच आहे. कनिष्ठ बाइट शून्य असेल तर ही युक्ती वापरू नये, कारण रुंद मांडणीत शून्य बाइट जागोजागी असल्याने खोटे थांबे फार होतील, असा इशारा ते लिहिणाऱ्यांनी कोडमध्ये नोंदवला होता आणि त्याची तजवीजही केली होती. रुंद मांडणीत रोमन अक्षरांच्या गल्लीचा क्रमांक शून्य असतो. म्हणजे अभागी घर असते हे त्यांना माहीत होते. जी गल्ली त्यांच्या रोजच्या वाटेवर होती, तिथले अभागी घर त्यांना दिसले. चौथी आणि नववी गल्ली वाटेवर नव्हती. यात आकस नाही, अन्यायही म्हणता येणार नाही. आपण ज्या मजकुरावर वेग मोजतो, त्याच मजकुरापुरती सुधारणा खरी असते. सरासरी वेग वाढला, आणि सरासरीत 'उ' बुडाला. सुधारणेच्या पोटात एखाद्याची पीछेहाट अशीच दडलेली असते. ती कोणी मुद्दाम दडवलेली नसते, तिथे दिवा लावलेला नसतो एवढेच.

कोष्टके उघडून बसल्यावर आणखी एक गंमत दिसली. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या प्रमाणावर बेतलेली आहे, त्यामुळे त्या एकमेकींना समांतर आहेत. एका पानाच्या वरच्या अर्ध्या भागात एक लिपी आणि खालच्या अर्ध्या भागात दुसरी. देवनागरीच्या पानावर बंगाली, गुरुमुखीच्या पानावर गुजराती, ओडियाच्या पानावर तमिळ, तेलुगूच्या पानावर कन्नड. अभागी घर नेहमी वरच्या अर्ध्यातच पडते. नवव्या पानावर देवनागरीचा उ, दहाव्यावर गुरुमुखीचा ऊ, अकराव्यावर ओडियाचा ऋ, बाराव्यावर तेलुगूचा ऌ. उ, ऊ, ऋ, ऌ. दुर्दैवही आमच्याकडे वर्णमालेच्या क्रमाने आले! बंगालीचे एकही अक्षर यात सापडत नाही, पण टॅब शोधताना तीही आमच्याच रांगेत उभी राहते. पंजाबी आणि गुजरातीच्या गल्लीचा क्रमांक ओळ संपल्याच्या अदृश्य खुणेशी जुळतो. इतक्या भाषांचे लोक सहा वर्षे या वाटेने ये-जा करीत होते.

आणि दुसरे कारण इथेच आहे. त्यांपैकी आम्ही एक होतो. आमच्यासमोर यंत्र थबकले होते, आमच्या शेजारी बसलेल्या मुलीने नेमका प्रश्न विचारला होता, आणि आम्ही उत्तर देऊन तो प्रश्न मारला. दुरुस्ती कशी होते हे पाहण्यासारखे असते. २०२० साली एका वापरकर्त्याला आढळले की बाइटांच्या एका विशिष्ट राशीत दुसरी विशिष्ट रास शोधली की पायथन जणू गोठून जाते. शोध अडकलेला नव्हता, तो अतोनात मंद होता. २००६ सालच्या रचनेत वाईटात वाईट स्थिती किती वाईट असू शकते हे ठाऊक असूनही ती पत्करलेली होती, कारण व्यवहारात ती क्वचितच येई. या माणसाच्या व्यवहारात ती आली, आणि त्याने तसे कळवले. मग क्रोशमोर आणि पेराँ यांनी १९९१ साली मांडलेली 'दुतर्फा' रीत डेनिस स्वीनी यांनी पायथनमध्ये आणली, आणि ऑक्टोबर २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. तीस वर्षे छापील पानावर असलेले औषध रोग्याने तक्रार केल्यावर वर्षभरात घरी आले. युक्रेनियन अक्षराचीही दखल अशीच घेतली गेली. त्यावरचा उपाय तर अगदी साधा होता. खोटा थांबा लवकर आला, तर पोस्टमनने काही अंतर साधेपणाने दारोदार पाहत चालावे आणि मगच पुन्हा धाव घ्यावी. एवढ्या उपायाने 'उ'ही सुटला. युक्रेनियन अक्षराच्या निमित्ताने तो सुटला, आपले नाव कुठेही न येता.

मंदपणाची तक्रार करण्यासाठी आधी मनात एक अपेक्षा असावी लागते. हे काम इतक्या वेळात व्हायलाच हवे, आणि होत नसेल तर दोष कुठेतरी बाहेर आहे, अशी. आमच्या मनात ती नव्हती. मराठीत काही उशिरा घडले, मोडके दिसले, जोडाक्षर फुटले, वेलांटी भलतीकडे गेली, तर ते लिपीच्या अंगचेच आहे, असे समजण्याचे वळण आम्हांला इतके अंगवळणी पडले होते की, जिथे लिपीचा काहीच दोष नव्हता तिथेही आम्ही तो तिच्या माथी मारला. आणि हे वळण आम्ही पुढच्या पिढीला ज्ञान म्हणून दिले.

२०१८च्या पावसाळ्यात आम्ही त्या मुलीला फोन केला. तोवर ती नोकरीला लागली होती. टॅबची हकीकत सांगितली. ती मनापासून हसली. "म्हणजे सर, देवनागरी हलकीच होती!" मग आम्ही यादीचे विचारले. यादी होती, रोमनमध्ये. चिन्हे न लावता, आपण मोबाइलवर निरोप लिहितो तशा साध्या रोमनमध्ये. ती यादी पुन्हा देवनागरीत आणू या, असे आम्ही सुचवले, आणि दोन-तीन रविवार आम्ही दोघे फोनवर त्या कामाला बसलो.

बहुतेक शब्द अर्थावरून ओळखता आले. काही आले नाहीत. एका शब्दापुढे 'बैलाच्या खुराचे काहीतरी' एवढाच अर्थ होता. तो 'नाल' होता की आजीच्या तोंडी त्याचा 'नाळ' झाला होता? प्रमाण मराठीत काय आहे ते कोशात मिळेल, पण तिला कोशातला शब्द नको होता, आजीचा हवा होता. 'पाट' आणि 'पात' रोमनमध्ये एकच होऊन बसले होते. पाण्याचा आणि खुरपणीचा, असे अर्थावरून ते कसेबसे वेगळे केले. आजी 'ण' म्हणे की 'न', हे तर एकाही शब्दात उरले नव्हते. बोलीची जी खूण टिपण्यासाठी हा सारा उद्योग होता, नेमकी तीच पुसली गेली होती.

"आजीला विचारायचं ना," आम्ही नकळत म्हणून गेलो.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "आजी सोळा साली गेली, सर," ती म्हणाली.

सदतीस शब्द तसेच राहिले. तिने ते टाकून दिले नाहीत, आणि अंदाजाने दुरुस्तही केले नाहीत. प्रत्येकापुढे तिने प्रश्नचिन्ह घातले आहे. दोष आमचा, असे आम्ही तिला त्याच दिवशी सांगितले. त्यावर, "मीही तपासायला हवं होतं," असे ती म्हणाली. तिचा तो मोठेपणा. तपासण्याचे काम ज्याला उत्तर ठाऊक असल्याचे समजले जाते त्याचे असते.

लायब्ररीतला दोष दुरुस्त झाला, आणि तो कधीच फार मोठा नव्हता. आमच्या वाक्याचे मात्र तसे झाले नाही. तेव्हापासून आम्ही एक शिस्त लावून घेतली आहे. मराठी मजकुरापाशी यंत्र थबकले की आम्ही कारण सांगत नाही. आधी मोजतो. पुष्कळदा दोष आमच्याच प्रोग्रॅमचा निघतो, क्वचित खरोखरच बाइट जास्त असतात. पण लिपी जड आहे हे उत्तर आम्ही यादीत सर्वांत शेवटी ठेवले आहे, आणि अद्याप तिथवर पोहोचण्याची वेळ आलेली नाही.

तिची यादी आता देवनागरीत आहे. 'उ' या अक्षराखाली तिच्या आजीचे अकरा शब्द आहेत.